फ्युचरिस्टिक स्नीकर्स: रुबाब हवा आणि पायही सुखात हवेत. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाड थरांचे, पारदर्शक हवेच्या पिशव्यांचे, जाळीदार सोलचे, बिनलेसचे स्नीकर्स घेण्याआधी आणि घेतल्यानंतर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आणि पुढे अडचणीचे असा क्रम आहे. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात आला असेल, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्युचरिस्टिक स्नीकर्स म्हणजे नेमके कोणते? नुसते जाड सोलचे म्हणजे झालं का?

नाही. ज्या बुटाची रचना नेहमीच्या बुटासारखी दिसत नाही, तो या गटात येतो. याची एक सुरुवात १९८७ च्या एअर मॅक्स १ मध्ये सापडते. त्याचा डिझायनर टिंकर हॅटफिल्ड शिक्षणाने आर्किटेक्ट होता. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरचे पाइप आणि जिने इमारतीच्या बाहेर उघडे ठेवलेले आहेत. तोच विचार त्याने बुटात आणला आणि टाचेखालची हवेची पिशवी खिडकी पाडून दाखवली. १९८९ मध्ये रीबॉकचा हवा भरून पायाला आवळायचा पंप आला, २००० मध्ये नायकीचा खांबांवर उभा असलेला शॉक्स आला. २०१७ हे तर गर्दीचं वर्ष होतं. बालेन्सियागाचा तीन थरांचा ट्रिपल एस, नायकीचा फोम काढून टाकलेला व्हेपरमॅक्स आणि आदिदासचा थ्रीडी प्रिंटरने छापलेल्या जाळीच्या सोलचा फ्युचरक्राफ्ट ४डी, हे सगळे तेव्हाच आले.

यांत दोन जाती आहेत. काही बुटांचं वेगळं दिसणं कामातून आलेलं असतं, जसं हवेची पिशवी किंवा जाळी. काहींचं फक्त आकारातून आलेलं असतं. दुसरी जात वाईट नाही, पण तिच्याकडून आरामाची अपेक्षा ठेवताना बूट जास्त तपासून घ्यावा लागतो.

२. दिसायला भारी असलेला बूट पायाला त्रास देणारच, हे खरं का?

खरं नाही. बूट चावतो तो फ्युचरिस्टिक असतो म्हणून नव्हे. जवळजवळ प्रत्येक तक्रार तीन गोष्टींवर येऊन थांबते: चवड्यापाशी रुंदी कमी, वजन जास्त, आणि बूट चुकीच्या जागी वाकतो. या तीन जमल्या तर वरचं रूप कितीही अंतराळयानासारखं असलं तरी पायाला फरक पडत नाही. त्या जमल्या नाहीत तर साधा पांढरा बूटही संध्याकाळपर्यंत नकोसा होतो.

माझं मत विचाराल तर तिघांत रुंदीला पहिला मान. वजनाची थोडीफार सवय होते. करंगळीवर दिवसभर दाबणाऱ्या भिंतीची सवय होत नाही, तिथे भोवरी होते.

३. दुकानात कमी वेळात कसं तपासायचं? सेल्समन तर प्रत्येक बूट "एकदम कम्फर्टेबल" म्हणूनच दाखवतो.

संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात आणि खरं माप तेच. रोजचे मोजे घालून जा.

बूट पायात घालण्याआधी इनसोल, म्हणजे आतली पातळ गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर अनवाणी उभे राहा. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा कडेबाहेर लोंबत असेल तर बूट तिथेच दाबणार. यापुढे काही पाहायची गरज नाही, खाली ठेवा. पाय मावत असेल आणि सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा उरत असेल तर पुढे जा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं.

मग बूट हातात घेऊन टाच आणि टोक एकमेकांकडे दाबा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, म्हणजे तुमची बोटं जिथे मुडपतात तिथे. मधोमध वाकला तर तळव्याच्या कमानीला आधार नाही. अजिबात वाकला नाही, तर टोक वर उचललेलं आहे का पाहा, म्हणजे पाऊल पुढे लोळवता येतं. सपाट आणि ताठ असलेला सोल ही सगळ्यात वाईट जोडी, कारण प्रत्येक पावलाला टाच बुटातून निसटते आणि घासते.

शेवटी चालून पाहा, पण दुकानातल्या गालिच्यावर नको, उघड्या फरशीवर. जिना असेल तर उतरून पाहा. उतरताना बोटं पुढे आदळत असतील तर बूट लहान आहे किंवा लेस नीट धरत नाही. वजन मात्र दुकानात कळत नाही, कारण पाच मिनिटांत प्रत्येक बूट हलका वाटतो. घरच्या वजनकाट्यावर एकच बूट ठेवा. धावण्याचा बूट साधारण २५० ते ३०० ग्रॅम भरतो, जाड फॅशन स्नीकर त्याच्या दुप्पटही भरू शकतो.

४. माझा पाय पुढून रुंद आहे. एक नंबर मोठा घेतला तर चालेल का?

चालतं, पण पूर्ण नाही. मोठ्या नंबरात रुंदीपेक्षा लांबी जास्त वाढते. मग बूट वाकण्याची जागा तुमच्या चवड्यापुढे सरकते आणि टाच मागे खेळायला लागते. अर्धा नंबर वाढवून जमत असेल तर ठीक. एक पूर्ण नंबर लागत असेल तर तो साचा तुमच्या पायाचा नाही.

हा प्रश्न आपल्याकडे इतक्या जणांना का पडतो, त्याला कारण आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचे पाय पुढून जास्त रुंद असल्याचं त्यातून दिसलं आणि 'भा' नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. बाजारातले नामवंत स्नीकर्स मात्र अजून परदेशी साच्यांवरच बनतात. दोष तुमच्या पायाचा नाही.

रुंद पायाला ताणणारं विणलेलं अप्पर, म्हणजे बुटाचा सोलच्या वरचा भाग, बरं पडतं. चकचकीत प्लास्टिकचं किंवा वर जाड पट्ट्या वितळवून चिकटवलेलं अप्पर ताणत नाही. पट्टी नेमकी करंगळीच्या सांध्यावर येत असेल तर तो जोड कितीही आवडला तरी सोडा. लेस पहिल्या दोन भोकांतून उलट्यासुलट्या न नेता सरळ वर नेली तरी पुढचा भाग थोडा मोकळा होतो.

५. ऑनलाइन मागवायचा आहे. यूके, यूएस, युरो या नंबरांत गोंधळ होतो.

सेंटीमीटर धरा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. कंपनीच्या तक्त्यात आणि बुटाच्या जिभेमागच्या लेबलवर बहुतेकदा सेंटीमीटरचा, म्हणजेच जपानी, नंबर असतो, त्याच्याशी जुळवा.

भारतात यूके नंबर चालतो आणि त्यात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. युरो नंबरात तो साडेसहाच्या आसपास. म्हणून दोघांचं गणित तंतोतंत जुळत नाही. काही मॉडेलं फक्त पूर्ण नंबरात येतात, यीझी या ब्रँडचा फोम रनर तसाच येत असे. अशा वेळी परत करण्याची सोय असेल तरच मागवा.

६. सोल जितका मऊ तितका आराम जास्त, बरोबर?

पहिल्या दहा मिनिटांसाठी बरोबर. दिवसभरासाठी नाही.

ईव्हीए हा हलका फोम, स्वस्तही. पण रोजच्या वापराने तो दबून बसतो आणि पुन्हा पूर्ण फुलत नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन जड असतो, पण दबणं सहन करतो. आदिदासने २०१३ मध्ये बूस्ट आणला, तो टीपीयू या लवचीक प्लास्टिकचे फुगवलेले दाणे एकत्र दाबून केलेला फोम. वजनाला थोडा जास्त, पण उसळी बराच काळ टिकवतो.

तुम्ही चालता किती आणि उभे राहता किती, यावर निवड ठरते. शोरूममधली विक्रेती, वॉर्डमधली नर्स, फळ्यापुढचे शिक्षक आठ-आठ तास उभे असतात. फार मऊ सोलवर उभं राहताना घोटा आणि पोटरीचे स्नायू सतत तोल सावरत असतात, म्हणून संध्याकाळी पाय भरून येतात. उभ्याच्या कामाला किंचित घट्ट आणि रुंद बुडाचा सोल चांगला. अंगठ्याने सोलची बाजू दाबून पाहा. बोट सहज आत गेलं तर हा बूट त्या कामाचा नाही.

७. उंच सोलमुळे पाय मुरगळतो का?

उंची एकटी धोक्याची नसते. उंची आणि बुडाची रुंदी यांचं नातं पाहायचं. सोल खाली जाताना बाहेर पसरत असेल तर उंच बूटही स्थिर राहतो. खाली निमुळता होत असेल तर फुटपाथच्या उखडलेल्या ब्लॉकवर घोटा बाहेरच्या बाजूला कलंडायला वेळ लागत नाही. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. पूर्वी घोटा मुरगळलेला असेल तर निमुळता उंच सोल घेऊच नका.

८. कार्बन प्लेटचा रनिंग शू दिसायला जबरदस्त आहे. रोज ऑफिसला वापरू का?

नको. सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असलेले, २०१७ पासून गाजलेले हे बूट वेगात धावण्यासाठी आहेत. ते इतके परिणामकारक ठरले की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची उंची ४० मिलिमीटर आणि प्लेट एकच, अशी मर्यादा घातली. चालताना त्यांचा फायदा फारसा मिळत नाही. टाच अस्थिर वाटते, फोम नाजूक असतो आणि महागडा सोल लवकर झिजतो. तोच तोंडवळा हवा असेल तर त्याच कंपन्यांचे प्लेट नसलेले रोजचे ट्रेनर मिळतात.

९. थ्रीडी प्रिंटेड जाळी आणि हवेच्या पिशव्या खरंच आराम देतात, की नुसती शोभा?

देतात, पण लोक समजतात तसा नाही. ४डीच्या जाळीत टाचेखाली आणि चवड्याखाली दांड्यांची जाडी वेगळी ठेवता येते. एकसंध फोममध्ये हे करणं कठीण. पण स्पर्श मऊ गादीचा नसतो, घट्ट आणि उसळता असतो, आणि वजन फोमपेक्षा जास्त लागतं. खडे आणि चिखल जाळीत अडकतात तेही धरून चाला. उलट ती फोमसारखी दबून बसत नाही.

पूर्ण लांबीच्या हवेच्या सोलचंही तसंच. पिशव्यांमधल्या खाचांत खडी अडकते, गुळगुळीत फरशीवर चर्र आवाज येतो आणि पिशवी फुटली तर दुरुस्ती नाही. ऑफिस, मॉल, विमानतळ यांसाठी छान. खडीच्या रस्त्याने रोज स्टेशन गाठणाऱ्यांनी विचार करून घ्यावा.

१०. मुंबई-कोकणच्या पावसात हे स्नीकर्स घालावेत का?

आरामाआधी घसरण्याचा विचार करा. पारदर्शक कडक सोल आणि फोमचंच तळ असलेले बूट ओल्या शहाबादी फरशीवर, रेल्वेच्या पुलावर आणि टाइल्सच्या पायऱ्यांवर सटकतात. तळाला खऱ्या रबराचे, खाचा असलेले तुकडे हवेत. विशेषतः टाचेच्या मागच्या कडेला, कारण पाऊल तिथे आधी टेकतं.

विणलेलं अप्पर भिजलं की रात्रीत वाळत नाही. इनसोल काढा, लेस सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि भिजले की बदला. पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर, हीटर किंवा कडक ऊन नको, डिंक सुटतो. जून ते सप्टेंबर एकच जोड सलग दोन दिवस घालू नका.

११. आमच्याकडे घरात, देवळात, कधी दवाखान्यातही बूट बाहेर काढावे लागतात. लेसचा जंजाळ असलेला बूट घ्यावा का?

हा प्रश्न परदेशी परीक्षणांत कधी येत नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर. दिवसातून पाच-सहा वेळा काढघाल होत असेल तर ती सोय आरामाचाच भाग आहे. लोक लेस न सोडता टाचेने टाच दाबून बूट काढतात. त्याने टाचेमागचा कडक भाग मोडतो, आणि तो मोडला की बूट कितीही महाग असो, टाच धरत नाही.

मोज्यासारखे ओढून घालायचे उंच गळ्याचे बूट दिसतात सोपे, पण घामेजल्या पायावर चढत नाहीत. घ्यायचेच तर मागे ओढायला भक्कम पट्टी हवी. सगळ्यांत सोयीचं म्हणजे लवचीक लेस किंवा चकती फिरवून आवळायची तार. साध्या लेसच्या बुटात लवचीक लेस ओवून घेता येते, खर्चही फार नाही. आणि देवळाबाहेर ठेवताना महागाचा जोड चप्पल स्टँडवर टोकन घेऊनच ठेवा.

१२. साडीवर किंवा नऊवारीवर जाड सोलचे स्नीकर्स घालायचे आहेत. काय सांभाळावं?

हील्सपेक्षा हा निर्णय पायासाठी कितीतरी चांगला. फक्त साडी बूट घालूनच नेसा. सोलची उंची चार-पाच सेंटीमीटर असते, नंतर बूट घातला तर काठ वर दिसतो. खांबांचे आणि जाळीचे सोल टाळा, फॉल आणि काठाचे धागे त्यात अडकतात आणि जिन्यात पडायला होतं. बाजू बंद, गुळगुळीत असलेला सोल हवा. नऊवारीत पाय मोकळे असतात, तिथे ही अडचण कमी.

१३. फर्स्ट कॉपी हुबेहूब दिसते. आरामही तोच मिळेल ना?

नाही. नक्कल बाहेरून करतात आणि आराम आतून येतो. फोमचा प्रकार, साचा, टाचेतला आधार, डिंक हे फोटोत दिसत नाही आणि तिथेच पैसा वाचवलेला असतो. खिडकीतून दिसणारी 'हवेची पिशवी' नुसता प्लास्टिकचा तुकडाही असू शकतो. त्याच पैशांत एखाद्या साध्या कंपनीचा अस्सल बूट पायाला जास्त न्याय देतो. तपासणी प्रश्न ३ प्रमाणेच करा.

१४. तेरा वर्षांचा मुलगा हट्टाने महाग जाड स्नीकर्स मागतोय. वाढत्या पायाला चालतील का?

कधीमधी घालायला चालतील. शाळा, खेळ आणि क्लास सगळं त्याच जोडावर नको. या वयात पाय झपाट्याने वाढतो, दर तीन-चार महिन्यांनी माप पाहा. महागाचा जोड लहान झाला तरी मुलं सांगत नाहीत, कारण त्यांना तो सोडवत नाही. म्हणून तुम्हीच इनसोल काढून पाहा. बोटांचे ठसे अगदी कडेला उमटले असतील तर बूट संपला. "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन नंबर मोठा घेणंही तितकंच वाईट.

१५. मला मधुमेह आहे. फॅशनचे स्नीकर्स घालूच नयेत का?

आधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. ती कमी झाली असेल तर बूट चावतोय हे पायाला कळत नाही, आणि साध्या फोडाची जखम होऊन चिघळू शकते. अशा वेळी फॅशनचा बूट नको, डॉक्टर सांगतील तोच. संवेदना शाबूत असेल तर आतून शिवण न टोचणारा, पुढे ऐसपैस असा जोड घालता येईल. नवा बूट सुरुवातीला तास-दोन तासच घाला, घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना पाहा आणि काढल्यावर रोज तळवे बघा. मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर थांबा.

१६. घेऊन बसलोय, परत होत नाही आणि त्रास देतोय. काही इलाज?

टाच निसटत असेल तर सर्वांत वरच्या जादा भोकांतून लेसचा फास करून बांधा, टाच मागे बसते. पायाची वरची बाजू दुखत असेल तर त्या जागेवरची एक जोडी भोकं सोडून लेस ओवा. तळवा दुखत असेल तर इनसोल बदला, पण जाड इनसोल आतली उंची खातो हे ध्यानात ठेवा. फोड येत असतील तर सुती मोजे सोडून घाम शोषून बाहेर टाकणारे घ्या.

रुंदी आणि वजन यांना मात्र इलाज नाही. चामडं थोडं सैल होतं, प्लास्टिक आणि वितळवलेल्या पट्ट्या होत नाहीत. "घालून घालून बसेल" ही आशा या बुटांत ठेवू नका. धावताना एका पायावर १०० ग्रॅम वाढले की लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. चालताना ते जाणवत नसलं तरी दिवसभराची पावलं मोजली की थकवा कुठून येतो ते कळतं. असा जोड दोन-तीन तासांच्या कार्यक्रमांना ठेवा, रोजच्याला दुसरा.

१७. स्वतः लेस आवळणारे बूट घेण्यासारखे आहेत का?

कल्पना गाजली ती १९८९ च्या एका हॉलिवूडपटातून. नायकीने २०१६ मध्ये हायपरअॅडॉप्ट विकायला आणला, २०१९ मध्ये फोनच्या अॅपला जोडलेला अॅडॉप्ट बीबी ३५० डॉलरला आला. ज्यांना वाकून लेस बांधता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय खरी मोलाची आहे, आणि पाय फुगला की एका बटणाने सैल करता येणं हा आरामच आहे.

पण बूट अॅपवर अवलंबून राहिला की त्याचं आयुष्य कंपनीच्या हातात जातं. अॅडॉप्ट बीबी आल्यानंतर थोड्याच दिवसांत एका अपडेटनंतर काहींचे बूट अँड्रॉइड फोनला जोडले जाईनासे झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते अॅपच कंपनीने बंद केलं. बुटावरच्या बटणांनी आवळणं-सोडणं होतं, बाकीच्या सोयी गेल्या. आज सेकंडहँड घेणाऱ्याने बॅटरीचं वयही धरावं. माझा सल्ला: चकतीच्या तारेचा बूट घ्या (प्रश्न ११), बरीचशी सोय मिळते आणि चार्ज करावं लागत नाही.

१८. कपाटात जपून ठेवलेला जोड काढला तर सोलचा भुगा झाला. घातलाही नव्हता! मोची चिकटवून देईल का?

हे पीयूच्या सोलमध्ये होतं. हवेतला ओलावा त्या पदार्थाचे बंध हळूहळू तोडत राहतो, बूट घातला काय आणि ठेवला काय. काही वर्षांनी बाहेरून ठीक दिसणारा सोल जिन्याच्या पहिल्या पायरीवर चुरतो आणि मागे पिवळसर तुकडे पडत जातात. दमट किनारपट्टीवर हे लवकर होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला तर आत अडकलेला ओलावा भर घालतो. पीयूचा जोड हवेशीर जागी ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि साठवण्यापेक्षा घालून संपवा.

मोच्याकडून होण्यासारखं आणि न होण्यासारखं वेगळं ओळखा. खालचा रबराचा तळ निसटला असेल आणि मधला फोम अखंड असेल तर चांगला मोची डिंक लावून, कडेने शिवून देतो आणि तो जोड पुढे चालतो. फोमच चुरत असेल तर डिंक धरायला काही उरलेलं नसतं. त्यावर नवा सोल बसवणारे कारागीर मोठ्या शहरांत सापडतात, पण त्याच आकाराचा सोल दुसऱ्या एखाद्या धड बुटातून काढावा लागतो. हवेच्या पिशवीचे आणि छापील जाळीचे सोल दुरुस्त होत नाहीत. सेकंडहँड घेताना विक्रेत्याला उत्पादनाचं वर्ष विचारा. ते बहुतेकदा जिभेमागच्या लेबलवर छापलेलं असतं. फोमवर अंगठ्याने दाबून पाहा, चिकट लागला किंवा भेगा दिसल्या तर घेऊ नका.